तारखेच्या नोंदी की बांधलेला लेख? ठरवत असाल तर

स्वतःच्या जगण्याबद्दल लिहायचं आणि ते इतरांनी आवडीनं वाचावं अशी इच्छा असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. तारीख घालून चार-आठ ओळींच्या नोंदी लिहायच्या, की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नीट बांधलेला लेख लिहायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सहा वर्षं लेख लिहिले, आणि गेली साडेतीन वर्षं नोंदी लिहितोय. दोन्हींना वाचणारे मिळाले. त्यामुळे एक वाट चूक आणि दुसरी बरोबर असं माझं म्हणणं नाही. पण माझा कल कुठे आहे आणि तो का झाला, ते सांगतो. निवड करताना त्याचा उपयोग व्हावा.

लेखाच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. लेख स्वतःच्या पायावर उभा असतो. तुम्ही कोण, तुमच्या घरात कोण कोण आहे, मागच्या महिन्यात काय झालं, यातलं काहीही ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात तो देता येतो. नोंदींचं तसं नाही. मधूनच वाचायला लागलेल्याला ‘ती’ म्हणजे बायको की बहीण हेच कळत नाही, आणि रोज ओळख करून देत बसलात तर जुने वाचक कंटाळतात. एखादी गोष्ट समजावून सांगायची असेल तरी लेखच बरा. बाबांसाठी कानाचं मशीन निवडताना आम्ही काय काय चुका केल्या, यावर मी एकदा सविस्तर लिहिलं होतं. तो लेख आजही लोक शोधून वाचतात आणि पुढे पाठवतात. माझ्या एकाही नोंदीच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही.

शिवाय लेखात वेळ मिळतो. राग निवळतो, माणसांबद्दल जरा न्यायानं लिहिता येतं. नोंद त्याच रात्री लिहिली जाते. त्या रात्री जे न्याय्य वाटतं ते आठवड्यानं वाटेलच असं नाही.

तरीही मी लेख सोडला, आणि त्याला कारण झाला शेवटचा परिच्छेद.

ज्यांनी असे लेख लिहिलेत त्यांना हे लगेच कळेल. प्रसंग लिहून होतो. माणसं आली, बोलली, गेली. हजारभर शब्द झाले, आणि वाक्यं तर आपल्यालाच आवडावीत इतकी चांगली उतरलेली असतात. पण लेख संपत नाही. त्यातून काहीतरी ‘निघायला’ हवं असतं. मग आपण पेन तोंडात धरून बसतो आणि त्या प्रसंगाला नसलेला अर्थ पिळून काढतो. सहा वर्षांत मी साठएक लेख लिहिले असतील. परवा सगळे काढून नुसते शेवट वाचत गेलो. चाळीसच्या वर लेखांच्या शेवटी मला काहीतरी ‘उमगलं’ होतं. एवढं मला खरोखर उमगलं असतं, तर मी आज वेगळाच माणूस असतो.

त्यातला एक शेवट मला अजून टोचतो. बाबांना ऐकू कमी येऊ लागलं त्याबद्दलचा तो लेख होता. आम्ही सगळे गप्पा मारत बसलो होतो. बाबांनी हळूच मशीन कानातून काढलं, त्याच्या बॅटरीचं इवलंसं दार उघडलं, ते डबीत ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसले. मी तिथे लेख संपवला होता. काही आवाज ऐकायला कान लागत नाहीत, अशा अर्थाचं एक वाक्य घातलं होतं. वाचणाऱ्यांना ते फार आवडलं. धाकट्या बहिणीनं मात्र लेख वाचून विचारलं, “दादा, बाबांना त्या दिवशी झोप येत होती. आपला आवाज नको म्हणून काढलं त्यांनी मशीन. तू हे काय लिहिलंयस?”

ती बरोबर होती, आणि मी तिथेच बसलेलो होतो. मला ते दिसलंही होतं. पण ‘झोप येत होती’ यावर लेख संपत नाही, म्हणून मी ते पाहिलं नाही.

पुढे पुढे तर प्रसंग चालू असतानाच माझ्या डोक्यात शेवटचा परिच्छेद तयार होऊ लागला. समोरचा माणूस बोलत असायचा आणि मी त्याचं ऐकण्याऐवजी त्याचं काय ‘होईल’ ते बघत असायचो. ही सवय मला लिखाणापेक्षाही जगण्यात जास्त नडली. सगळ्यांना ती लागेलच असं नाही, पण लागली तर लवकर कळत नाही एवढं नक्की.

दोष लेख या प्रकाराचा नाही हेही सांगितलं पाहिजे. या प्रकाराला ‘एसे’ हे नाव ज्याच्यामुळे मिळालं त्या फ्रेंच लेखक मोंतेन्यनं आपल्या लेखांची पहिली दोन पुस्तकं १५८० मध्ये छापली, १५८८ मध्ये तिसरं जोडलं, आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत छापील प्रतीच्या समासात नवी भर घालत राहिला. जुनं फारसं खोडलं नाही, शेजारी नवं लिहिलं. त्यामुळे एकाच लेखात अडतीस वर्षांचा माणूस आणि पन्नाशी उलटलेला माणूस शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि दोघांचं पटतंच असं नाही. आपल्या मुतखड्याबद्दल, खाण्याझोपण्याच्या सवयींबद्दल तो सांगत सुटतो आणि वाटेल तिथे थांबतो. ज्यांना असं मोकळं थांबणं जमतं त्यांनी खुशाल लेख लिहावेत. मला सहा वर्षांत जमलं नाही.

दोन्ही प्रकार एकाच दुपारवर पडताळून पाहायचे असतील तर त्याची सोय इतिहासानंच करून ठेवली आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तळ्याच्या काठानं डोरोथी वर्ड्‌स्वर्थ आणि तिचा कवी भाऊ विल्यम चालत निघाले होते. वारा इतका सोसाट्याचा होता की श्वास घेणं कठीण. काठाशी आधी थोडी डॅफोडिल्स दिसली, पुढे जावं तशी वाढत गेली. डोरोथीनं रोजनिशीत लिहून ठेवलंय की काही फुलांनी दमून उशीवर टेकावं तशी दगडांवर मान टेकली होती आणि बाकीची वाऱ्याबरोबर हसत डोलत होती. त्याच फुलांवरची विल्यमची जगप्रसिद्ध कविता १८०७ मध्ये छापून आली. कवितेत तो एकटाच भटकतोय. बहीण नाही, श्वास कोंडणारा वारा नाही, दमलेली फुलं नाहीत. शेवटी मात्र त्या आठवणीनं मन कसं भरून येतं ते आहे. कविता थोर आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ती दुपार कशी होती हे मला हवं असतं तेव्हा मी बहिणीच्या वहीकडे जातो. दगडावर मान टाकलेलं फूल फक्त तिथेच सापडतं.

आता नोंदींच्या अडचणी. पहिली म्हणजे कोरडे दिवस. अमक्या वाजता उठलो, काम केलं, झोपलो. हे कुणी का वाचावं? त्याला माझं उत्तर असं की कोरड्या दिवशीही एक तरी वस्तू, एक तरी बोललेलं वाक्य हाती लागतं, आणि नाहीच लागलं तर त्या दिवशी लिहू नये. लंडनमधला सरकारी अधिकारी सॅम्युएल पेप्स यानं १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत, डोळे जातील या भीतीनं थांबेतो, लघुलिपीत रोजनिशी लिहिली. १६६६ मध्ये लंडनला आग लागली त्याचं वर्णन त्यात आहेच. पण माणसांच्या लक्षात राहतं ते हे की आग जवळ येताना त्यानं बागेत खड्डा खणून वाइन आणि परमेसान चीज पुरून ठेवलं. ‘फार घाबरलो’ असं शंभरदा लिहून जे कळलं नसतं ते पुरलेल्या चीजमुळे कळतं. माझ्या वाचकांचंही असंच आहे. सहा वर्षांतला माझा एकही निष्कर्ष मला कुणी परत म्हणून दाखवलेला नाही. वस्तू मात्र लोक अजून विचारतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नोंदींत घरची माणसं उघडी पडतात. लेखात एखाद्याला बाहेर ठेवता येतं, रोजच्या नोंदींत तो येतोच. माझा रिवाज असा की बाबांबद्दलची प्रत्येक नोंद आधी त्यांना वाचून दाखवायची. त्यासाठी त्यांना मशीन लावावं लागतं, मला मोठ्यानं वाचावं लागतं, आणि मोठ्यानं वाचताना लाज वाटली तर ते वाक्य जातं. हे करायची तयारी नसेल तर नोंदींच्या वाटेला जाऊ नये असंच मी म्हणेन.

नोंदींत चुकाही तशाच राहतात. पण माझ्या मते वाचण्यातली अर्धी गोडी त्यात आहे. एका सोमवारी मी लिहिलं, बाबांचं मशीन बिघडलं, आता नवं घ्यावं लागणार, खर्चाची काळजी वाटते. गुरुवारची नोंद अशी: बिघाड नव्हता. टोकाच्या इवल्या जाळीत कानातला मळ साचला होता. जाळी बदलली, आवाज आला. लेख लिहिला असता तर सोमवारची काळजी मी एका वाक्यात गुंडाळली असती, कारण लिहिताना मला गुरुवार माहीत असता. नोंदी वाचणारे तीन दिवस माझ्याबरोबर काळजीत होते. लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही, हे बरोबरीचं नातं मला लेखात कधी मिळालं नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या बटणासारख्या असतात आणि प्रत्येकीवर एक रंगीत स्टिकर असतो. बाबांची बॅटरी ३१२ नंबरची, म्हणजे स्टिकर तपकिरी. तो काढला की छोट्या भोकांतून हवा आत जाते आणि बॅटरी चालू होते. दार लगेच लावायचं नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची. काढलेला स्टिकर बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवतात, म्हणजे बॅटरी कधी बदलली ते लक्षात राहतं. मी ते नोंदींत सहज लिहीत गेलो. ‘आज स्टिकर.’ कधी तेवढंच.

एके दिवशी एका वाचक बाईंनी लिहून विचारलं, “आधी तुमच्या वडिलांचा स्टिकर आठवड्याला यायचा, हल्ली दोन-दोन आठवडे येत नाही. सगळं ठीक आहे ना?” मी उठून कॅलेंडरची मागची पानं उलटली. त्या म्हणत होत्या तसंच होतं. जानेवारीत चार ठिपके, मेमध्ये दोन. बाबांना विचारलं तर म्हणाले, “दिवसभर कुणासाठी लावू? तू संध्याकाळी येतोस, तेव्हा लावतो.”

मी ते लिहिलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. माझ्या लेखांनी वाचकाला कायम मी काढलेला अर्थ दिला. नोंदींतून एका परक्या बाईंना माझ्या घरातली अशी गोष्ट दिसली जी माझ्याच नजरेतून सुटली होती. वाचण्यातला आनंद कशात असतो असं मला कुणी विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवेन. वाचणाऱ्याला स्वतःहून काहीतरी दिसण्याची जागा तिथे शिल्लक होती, आणि ती मी मुद्दाम ठेवलेलीही नव्हती.

तुमचं वेगळं असू शकेल. तुमच्याकडे एखाद्या कामाचा, आजाराचा, छंदाचा अनुभव असेल आणि तो दुसऱ्याच्या उपयोगी पडावा असं वाटत असेल, तर लेख लिहा. मीही वर्षातून एखादा लिहितोच. महिनोन्‌महिने सोबत करणारे वाचक नकोत, एकदा येऊन वाचून जाणारे चालतील, तरी लेखच सोयीचा. लेख निवडलात तर एक करून पाहा. पूर्ण झाला की शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. दहांतल्या सात वेळा तो लागत नाही, निदान माझ्या लेखांना तरी लागत नव्हता.

अजूनही ठरत नसेल तर एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लिहून बघा. नोंद त्याच रात्री, लेख पंधरा दिवसांनी. मग दोन्ही कागद त्या प्रसंगी हजर असलेल्या एखाद्या माणसाला द्या आणि फक्त एवढं विचारा: “असंच झालं होतं का?” माझी पहिली वाचक अजूनही बहीणच आहे. गेल्या वर्षभरात तिनं दोनदाच नकारार्थी मान हलवली, आणि दोन्ही वेळा मी नोंदीला जरा शेवट लावला होता.