अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग: फुकट आहे म्हणून कुठलीही चालेल असं नाही

फी नाही, नावनोंदणी नाही, हजेरीपट नाही. १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरता सावरता सुरू केलेल्या या संघटनेत (थोडक्यात ‘एए’) येण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. सेवा म्हणून मात्र दर्जा सगळीकडे सारखा नाही. प्रत्येक गट आपला कारभार आपणच बघतो, वरून तपासायला कोणी येत नाही. एकाच इमारतीत मंगळवारचा गट जिवंत आणि शुक्रवारचा रटाळ असू शकतो.

आधी एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप, थरथर असं सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. हात कापत असतील, घाम फुटत असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. तिथे बसलेल्यांपैकी कोणी डॉक्टर म्हणून आलेला नसतो.

गट शोधायला एएच्या अधिकृत वेबसाइटवरून आपल्या भागाची हेल्पलाइन काढा. नुसत्या यादीवर विसंबू नका. खोली बदलते, वार बदलतो, यादी तशीच राहते. दाराला कुलूप पाहून परत गेलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही, म्हणून फोन कराच. विचारायचं ते असं: आज नक्की भरणार का, कुठला मजला, कुठली भाषा, खुली की बंद. खुल्या मीटिंगला नातेवाईक किंवा कोणीही बसू शकतो. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बाहेर पाटी नसण्याची शक्यता धरून चाला, आणि दारात कोणी भेटेल का तेही विचारून ठेवा.

मीटिंग तास-दीड तासाची. सुरुवातीचं वाचन झालं की चेअरपर्सन विचारतो, ‘पहिल्यांदा कोणी आलंय का?’ हात वर केला तर फक्त पहिलं नाव सांगायचं. नाही केला तरी कोणी टोकत नाही. बोलायची पाळी आली की ‘आज ऐकतो’ म्हटलं की पुरे. एकाच्या शेअरिंगवर, म्हणजे स्वतःबद्दल सांगितलेल्या अनुभवावर, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो, आणि तो पाळला जातो का यावरून गटाची पारख होते. जिथे नवख्याला चारी बाजूंनी उपदेश सुरू होतो, तिथे चेअरपर्सन कच्चा. वर्गणीची पिशवी फिरते. नव्याने काही टाकायची गरज नाही.

खरं काम मात्र मीटिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत होतं. शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांत आधी सटकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खुर्च्या उचलायला थांबा आणि चार-पाच फोन नंबर घ्या. त्यातला एक नंबर दुसऱ्याच दिवशी, तलफ नसतानाच लावा. सरावाचा नसलेला नंबर ऐन तलफेत कोणी लावत नाही. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, शक्यतो आपल्याच लिंगाचा, निदान वर्षभर सोबर (दारूपासून दूर) असलेला, आणि स्वतःलाही स्पॉन्सर असलेला बघा. लगेच पक्कं करायचं नसेल तर ‘तात्पुरता’ म्हणून विचारता येतं.

तीन गोष्टी दिसल्या तर गट बदला. कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल (एएच्या स्वतःच्या पुस्तिकेत सभासदांनी डॉक्टरकी करू नये असं स्पष्ट आहे), नव्या बाईशी सलगी वाढवत असेल, किंवा सगळा वेळ पिण्याचेच पराक्रम रंगवले जात असतील. पाच-सहा मीटिंग, निदान दोन वेगळे गट पाहिल्याशिवाय मत बनवू नका. नाव गुप्त ठेवणं ही तिथली परंपरा आहे, डॉक्टर-वकिलावर असतं तसं कायद्याचं बंधन सहसा नसतं. कोर्टकचेरीच्या भानगडी सगळ्यांसमोर उघड करू नका.

देवाचा मुद्दा अडतोच. एएचा दारू सोडण्याचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे, त्यांपैकी चारांत देवाचं नाव थेट येतं. न पटणाऱ्यांसाठी काही ठिकाणी नास्तिकांचे एए गट आहेत, आणि १९९४ पासूनची स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी संघटना विचार-वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर चालते, तीही प्रशिक्षित संचालकांसह. पण एएला भोंदू ठरवणंही घाईचं. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास, १०,५६५ माणसं होती. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले एएकडे वळवलेल्यांत सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांत ३५. मात्र तिथे तज्ज्ञांनी पद्धतशीरपणे गटाकडे वळवलेल्यांचा हिशेब आहे, आपसूक एकदा डोकावून गेलेल्यांचा नाही.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तरी दार बंद होत नाही. पिऊन आलात तर बहुधा ‘आज फक्त ऐका’ एवढंच सांगतील. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे, १९५१ पासूनची. पिणारा कुठेच जात नसला तरी घरच्यांना तिथे जाता येतं. ऑनलाइन मीटिंग रात्री-अपरात्री उपयोगी पडते, पण फोन नंबर आपणहून मागावे लागतात. आणि आत शिरण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदला. नाहीतर ऑफिसच्या खात्यातलं नाव-आडनाव तसंच झळकतं.