स्पीडच पाहिजे असेल तर काय घ्यायचं: डीएस ग्लायडर, टर्बाइन जेट की इलेक्ट्रिक स्पीडर?

आरसी म्हणजे रिमोटने उडवायच्या विमानांच्या छंदात ट्रेनर (शिकायचं साधं विमान) उडवून झाला, लँडिंग जमायला लागलं की बऱ्याच जणांना एकच किडा चावतो, आता फास्ट काहीतरी पाहिजे. मग यूट्यूबवर जेटचे व्हिडिओ, मग टर्बाइनच्या किमती, मग घरात विषय कसा काढायचा याचा विचार. थांबा जरा. आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, जगातली सगळ्यात फास्ट आरसी विमानं जेट नाहीतच, ती आहेत डीएस ग्लायडर, आणि त्यांना इंजिनच नसतं. डीएस म्हणजे काय ते खाली येतंच.

जर्मनीतल्या बालेनश्टेटला सप्टेंबर २०१७ मध्ये नील्स हर्ब्रिखने टर्बाइन जेटवर ताशी ७४९ किमी गाठले, गिनीजमध्ये नोंद आहे. आणि जानेवारी २०२१ मध्ये स्पेन्सर लिसेनबीने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पार्कर माउंटनवर ग्लायडरने केले ५४८ मैल, म्हणजे ताशी ८८२ किमी. ना मोटर, ना इंधन. विमानाचं नाव ट्रान्सॉनिक डीपी, डिझाइनही त्याचंच.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण निवड त्याच्यावरच ठरते. डोंगराच्या धारेवरून जोराचा वारा वाहतोय, आणि धारेच्या मागच्या उतारावर, आडोशाला, हवा जवळपास थांबलेली आहे. या दोन हवांच्या मधे एक पातळ थर असतो. ग्लायडर आडोशातून वर येऊन वाऱ्याच्या तोंडावर घुसला की समोरून हवा आपटते, एअरस्पीड म्हणजे हवेच्या तुलनेतला स्पीड एकदम वाढतो. मग तो वळतो, वाऱ्याबरोबर पळतो आणि पुन्हा खाली शांत हवेत शिरतो, तिथे हवा थांबलेली पण विमान पळतंय, म्हणजे परत एअरस्पीड वाढला. दर फेरीत दोनदा फायदा, आणि एक फेरी दोन-तीन सेकंदांची, त्यामुळे जोपर्यंत हवेचा विरोध या कमाईला गिळत नाही तोपर्यंत स्पीड चढतच राहतो. ढोबळ हिशोब असा की वाऱ्याच्या साधारण दहापट. अल्बट्रॉस पक्षी समुद्रावर हेच करतो, लॉर्ड रॅलेने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, आरसीत ते आणलं जो वुर्ट्सने १९९० च्या दशकात. यालाच डायनॅमिक सोअरिंग म्हणतात, बोलताना सगळे डीएस म्हणतात.

फुकटचा स्पीड वाटतो ना? फुकट काही नाही. ताशी ८०० च्या पुढे फिरणारं विमान वळणात १०० जीच्या वर लोड घेतं, म्हणजे एक किलोचा पंख शंभर किलोचा होतो, म्हणून ही विमानं कार्बनची असतात, आत शिसं किंवा पितळेचं वजन भरलेलं. आणि उडवणारा धारेवर उभा, वारा इतका की नीट उभं राहता येत नाही, विमान पाठीमागून येऊन बाजूने जातं, तेव्हा येतो तो आवाज ऐकून नवीन माणूस खालीच बसतो. चुकलं तर दुरुस्ती वगैरे विषय नाही, पिशवीत गोळा करून आणायचं.

पण आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे, जागा. लोक म्हणतात सह्याद्री आहे की, पावसाळ्यात वारा काय कमी असतो का. वारा आहे हो, पण घाटमाथ्याचा आकार बघा, पश्चिमेला कडा आणि मागे सपाट पठार. वारा कड्यावरून वर येतो आणि पठारावरून सरळ पुढे जातो, मागे उतारच नाही तर आडोसा कुठून येणार. साध्या स्लोप सोअरिंगला, म्हणजे कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगायला, तीच कडा भारी, डीएसला मात्र दोन्ही बाजूंनी उतरणारी अरुंद धार लागते. अशा सोंडा मुख्य रांगेतून पूर्वेला फुटलेल्या आहेत, शोधल्या तर सापडतील, पण पावसाळ्यात तिथे ढग उतरलेले, विमान दिसणारच नाही, आणि किल्ला असेल तर रविवारी ट्रेकर्सची जत्रा. कामशेतला तर नावही काढू नका, तिथे पॅराग्लायडरवाले हवेत असतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी, त्यांनी मात्र बिनधास्त डीएसच बघावं, पण सुरुवात फोमच्या विंगने आणि छोट्या टेकडीवर, कार्बन नंतर.

आता जेट. जेटचं सुख स्पीडमध्ये नाही, माझं ठाम मत आहे. सुख आहे आवाजात, केरोसीनच्या वासात आणि खऱ्या फायटरसारखं दिसण्यात. जेटकॅट किंवा किंगटेकचं छोटं टर्बाइन घेतलं तरी आयडललाच तीस हजारांच्या वर आरपीएम आणि फुल थ्रॉटलला लाखाच्या पुढे. पण थ्रॉटल पुढे ढकलला की लगेच जोर येत नाही, टर्बाइन स्पूल व्हायला, म्हणजे फिरण्याचा वेग पकडायला, वेळ घेतं, म्हणून लँडिंग चुकतंय असं शेवटच्या क्षणी कळून उपयोग नाही. शिवाय इंधनात टर्बाइन ऑइल मिसळा, इंधनाच्या नळीतून हवेचा बुडबुडा जाऊ देऊ नका, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, बंद केल्यावर थंड होऊ द्या. आणि गंमत म्हणजे एवढं करून अमेरिकेत एएमए या मॉडेलवाल्यांच्या संघटनेच्या नियमात टर्बाइन विमानाला कमाल २०० मैल, म्हणजे ताशी सव्वातीनशे किमीच्या जवळपासच परवानगी. रेकॉर्डवाली जेट ही वेगळीच जात, आखूड पंख, बारीक फ्युजलाज म्हणजे धड, शोसाठी नाहीतच ती. तुम्ही दुकानातून घ्याल ते स्पोर्ट जेट सहसा त्याच्या निम्म्यानेही जाणार नाही. खर्च लाखांत, आणि चांगली लांब धावपट्टी नसेल तर घेऊन कपाटावर ठेवायचं.

राहिलं इलेक्ट्रिक, आणि दहातल्या आठ जणांना मी हेच सांगतो. मागे प्रॉप म्हणजे पंखा असलेलं फोमचं त्रिकोणी डेल्टा, मल्टिप्लेक्सचं फनजेट हे त्यातलं जुनं नाव, हाताने फेकायचं, गवतावर पोटावर उतरवायचं. धावपट्टीची कटकट नाही. स्पीडचा हिशोब घरी बसून होतो: २२०० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टला किती आरपीएम), फोर एस म्हणजे चार सेलची लायपो बॅटरी, १४.८ व्होल्ट, गुणाकार ३२,५६० आरपीएम. पाच इंच पिचचा प्रॉप दर फेऱ्याला पाच इंच पुढे जातो असं धरलं तर ताशी २४८ किमी. लोड आल्यावर मोटर पूर्ण फिरत नाही, ८० टक्के धरा, दोनशेच्या आत-बाहेर. इथे लगेच पुढचा मोह होतो, सिक्स एस, म्हणजे सहा सेलची बॅटरी लावू का? लावा, पण प्रॉपला कंपनीने कमाल आरपीएम दिलेला असतो तो आधी बघा, त्याच्या वर गेलात तर पातं सुटतं आणि मागे प्रॉप असलेलं विमान फेकताना तुमचा हात त्याच्याच शेजारी असतो. शिवाय हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी पॉवर घनाने, म्हणजे स्पीड दुप्पट हवा तर पॉवर आठपट. म्हणून १५० वरून २०० सोपं, २०० वरून ३०० ला पैसा आणि बॅटरी दोन्ही जळतात, आणि तिथून पुढे फोम सोडून ग्लास-कार्बनचं शेलच लागतं.

पायलॉन रेसिंगही आहे, एफथ्रीडी क्लासमध्ये तीन खांबांभोवती दहा फेऱ्या, ४ किमी, चांगले पायलट एका मिनिटाच्या आत संपवतात. मजा भरपूर, पण सोबत रेस करायला माणसं पाहिजेत, एकट्याचा खेळ नाही तो. आणि क्वाडवाल्यांनीही, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनवाल्यांनीही, मधे हात मारलाय, दक्षिण आफ्रिकेच्या ल्यूक बेलने एप्रिल २०२४ मध्ये ताशी ४८० किमीची नोंद केली, पण तो वेगळा विषय.

सेफ्टीबद्दल लोक फोम म्हटलं की निवांत होतात. ८०० ग्रॅमचं फोम दोनशेच्या स्पीडला, म्हणजे ताशी दीडशेच्या क्रिकेट बॉलची जवळपास नऊपट एनर्जी. आणि १० किलोचं जेट तीनशेला म्हणजे त्या फोमच्या अठ्ठावीसपट. लोकांच्या डोक्यावरून उडवायचं नाही हे तिन्हीला सारखंच लागू.

तिन्हीत विमान मारणारी गोष्टही एकच, फ्लटर. सर्व्होच्या (पंखाची पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) आर्ममध्ये, हिंजमध्ये किंवा त्यांना जोडणाऱ्या पुशरॉडच्या टोकाला थोडं जरी ढिलं असेल तर एका स्पीडनंतर एलेव्हॉन म्हणजे पंखामागची हलणारी पट्टी फडफडायला लागतो, खाली उभ्या माणसाला भुणभुण असा आवाज येतो आणि सेकंदाच्या आत पंख नाही. आवाज आला की थ्रॉटल पूर्ण बंद आणि हळूच नाक वर, डाइव्हमधून झटक्यात ओढायचं नाही. उडवायच्या आधी एलेव्हॉन बोटांत धरून हलवून बघा, टोकाला एक मिलिमीटरही खेळ असेल तर आज उडवू नका.

उडवायची जागा डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर आधी बघून घ्या, पुण्यात लोहगावच्या आसपास किंवा मुंबईत विमानतळाच्या जवळ राहणाऱ्यांना हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा झोन शोधायला लांबच जावं लागतं. आणि नुसता झोन हिरवा असून भागत नाही, २०० च्या स्पीडला विमान सेकंदाला ५५ मीटर जातं, चार सेकंद बघत राहिलात तर २२० मीटर लांब, आणि एवढं बारीक विमान तिथे टिंब दिसतं, सरळ आहे की उलटं कळत नाही. म्हणून खालची बाजू भडक केशरी, वरची काळी किंवा गडद रंगवा, पांढरं विमान ढगाळ आकाशात घेऊन जाऊ नका.

आकडा सांगायचा असेल तर जीपीएस लॉगर लावा किंवा रडार गन, आणि दोन्ही दिशांना सपाट पास घेऊन सरासरी काढा. वाऱ्याच्या दिशेने डाइव्ह मारून आलेला एकच पीक आकडा व्हॉट्सॲपवर टाकणारे खूप आहेत, त्यातले ३०-४० सरळ वजा करून वाचायचं.