सरकारी दप्तर आणि मिशनचं दप्तर: पाइन रिजचा वाद कुठे वाचावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची फुकट आहे, पण नवख्याला पहिल्याच पायरीवर चकवते. उदाहरण पाइन रिजचं, म्हणजे आजच्या साउथ डकोटातल्या लाकोटा आदिवासींच्या राखीव प्रदेशाचं. १८७९ साली तिथला एजंट, म्हणजे सरकारी अधिकारी, व्हॅलेंटाइन मॅकगिलीकडी याने बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे पाद्री माइनराड मॅकार्थी यांना राखीव प्रदेशाबाहेर काढलं. कारण नियमातलं: राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणात प्रत्येक एजन्सी, म्हणजे एजंटचं ठाणं, एकेका चर्चकडे सोपवली जाई, आणि ही एपिस्कोपल या प्रोटेस्टंट चर्चच्या वाट्याला आली होती. लाकोटा प्रमुख रेड क्लाउडला मात्र 'काळे झगेवाले' कॅथलिकच हवे होते.

या वादाची सरकारी पत्रं 'पाइन रिज' टाकून शोधू नका. एम २३४ या मायक्रोफिल्म मालिकेत (इंडियन अफेअर्स कार्यालयाला आलेली पत्रं) ती 'रेड क्लाउड एजन्सी' या जुन्या नावाखाली लागली आहेत. मालिकेत ९६२ रिळं, जवळपास सारी हस्ताक्षरात. एकेक पान उलटत जायचं. वळणदार अक्षर मोडीइतकंच छळतं. आधी पत्रामागची कारकुनी नोंद वाचा. तारीख, प्रेषक, विषय तिथेच मिळतो. १८८१ पासूनची पत्रं या मालिकेत नाहीत, त्यांची क्रमवारी वेगळी.

दुसरी, कॅथलिकांची बाजू मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात आहे: १८७४ साली स्थापन झालेल्या कॅथलिक इंडियन मिशन ब्युरोचं दप्तर. मांडणी सरकारी दप्तरापेक्षा सरस. ग्रंथपालांना लिहिताना वर्ष आणि एजन्सी, दोन्ही कळवा.

लाकोटांचा आवाज दोन्हीकडे बहुधा दुभाष्यामार्फत येतो, ही मोठी उणीव. पुढे पाइन रिजवर जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाचं होली रोझरी मिशन १८८८ साली उभं राहिलं. त्याची कागदपत्रंही मार्क्वेटमध्येच.