ट्यूब अ‍ॅम्पचं किट: सात महिने, एक ड्राय सोल्डर आणि शंभर ओहम

आधीच सांगतो, घरी किटमधून जोडलेला, काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणारा हा हेडफोनचा अ‍ॅम्प सगळ्यांसाठी नाही. तुमच्याकडे ३०० ओहमचे किंवा त्याहून वरचे हेडफोन असतील आणि सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायला तुम्ही कचरत नसाल, तरच याच्या वाटेला जा. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे, ३०० ओहमचा, आणि बायरडायनॅमिकचा डीटी ८८०, सहाशे ओहमवाला. या दोघांना सात महिने रोज दोनेक तास याच अ‍ॅम्पवर ऐकतोय.

खोक्यात भोकं पाडलेला पत्रा, ट्रान्सफॉर्मर, टॅग स्ट्रिपा (वायरी सोल्डर करायच्या पट्ट्या), दोन सॉकेट आणि पिशव्यांमध्ये भरलेले रेझिस्टर-कपॅसिटर येतात. सर्किट बोर्ड नाही. प्रत्येक वायर आपण मोजायची, सोलायची, टॅगला गुंडाळायची आणि मग सोल्डर करायची. सर्किट काही नवीन नाही: पुढे १२एयू७ ही ट्यूब, मागे ६०८०, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, त्याच्या जागी मोठे कपॅसिटर. दोन्ही ट्यूबमध्ये दोन-दोन ट्रायोड (कॅथोडकडून प्लेटकडे जाणारे इलेक्ट्रॉन मधल्या ग्रिडने आवरणारे भाग) असतात, त्यामुळे एका काचेत डावा आणि उजवा कान सुखाने नांदतात.

यातली ६०८० मला फार आवडते. ही ६एएस७जी या ट्यूबची आखूड, दणकट धाकटी बहीण. मुळात संगीतासाठी बनवलेलीच नाही. पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवायचं हे तिचं खरं काम. अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) जेमतेम दोन, पण करंट द्यायला उदार. नुसता तिचा हीटरच (ट्यूब तापवणारी तार) ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर खातो, म्हणजे सोळा वॉटच्या आसपास. गाणं सुरू व्हायच्या आधीच टेबलावर शेगडी पेटलेली असते. काचेला हात लावायचा नाही, आणि वर पुस्तकांचा कप्पा असेल तर अ‍ॅम्प दुसरीकडे हलवायचा.

जोडणीला चार रविवार लागले. पुस्तिका बरी आहे, पण चित्रं बारीक आहेत आणि ग्राउंडच्या वायरची पायरी चुकीच्या जागी छापलीय. त्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर दोन टॅग आधीच भरलेले असतात, मग सोल्डर वितळवून पुन्हा जागा करावी लागते. एक स्क्रू कमी निघाला, तो जुन्या रेडिओतून काढला. सॉकेटच्या पिना खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवलं होतं, तरी एकदा उलटं मोजलंच.

पहिल्यांदा वीज द्यायच्या आधी पुस्तिका प्लग न लावता रेझिस्टन्स तपासायला लावते. हा भाग टाळू नका. तिथे सगळं ठीक आलं. मग वीज दिली, ट्यूबच्या पोटात केशरी उजेड दिसला आणि मी व्होल्टेज घ्यायला बसलो. एक हात पाठीमागे, मीटरचा काळा प्रोब क्लिपने पत्र्याला अडकवलेला. १२एयू७च्या पहिल्या पिनेवर ८८ व्होल्ट, अगदी तक्त्याप्रमाणे. सहाव्या पिनेवर १६८! तिथेही नव्वदच्या आतबाहेरच हवे होते. प्लेटवर जवळपास अख्खा सप्लाय दिसतोय म्हणजे त्या अर्ध्या ट्यूबमधून करंटच वाहत नाहीये. आणि इथे प्लेट थेट ६०८०च्या ग्रिडला जोडलेली, मध्ये कपॅसिटर नाही, त्यामुळे पुढच्या कॅथोडवरचा आकडाही चढलेला.

लगेच बंद केला. या सर्किटमध्ये १२एयू७च्या प्रत्येक कॅथोडखाली एक लाल एलईडी असतो, बायससाठी, म्हणजे ट्यूबचा स्थिर करंट ठरवायला. त्याच्यावर दीडेक व्होल्ट पडतात आणि कॅथोड तेवढा वर राहतो. एक पेटलेला मी पाहिला होता, दुसरा पाहिलाच नव्हता. कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करून भिंगाखाली बघितलं, तर एलईडीच्या पायाभोवती सोल्डरचा गोळा होता, पण तो पायाला धरून बसला नव्हता. राखाडी, खरबरीत, आणि मुळाशी केसाएवढी गोल फट. अस्सल ड्राय सोल्डर. पाय खरवडून स्वच्छ केला, फ्लक्स लावला, आधी टॅग तापवला आणि मग सोल्डर दिलं. ते पाण्यासारखं पसरलं. पुन्हा चालू केल्यावर दोन्ही लाल ठिपके पेटले, सहाव्या पिनेवर ८९. त्या रात्री मी गाणं कमी आणि ते दोन ठिपके जास्त पाहिले.

त्यानंतर डाव्या कानातली घरघर. हिने तीन आठवडे छळलं. ट्यूबला नावं ठेवून झाली, केबल बदलून झाल्या. शेवटी शांतपणे व्हॉल्यूमची मूठ फिरवत ऐकलं. शून्यावर शांत. वर नेत गेलं की वाढते, तीन वाजायच्या खुणेजवळ सगळ्यात जास्त, आणि पूर्ण वर नेली की चक्क कमी. घरघर पॉटच्या (मुठीखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) आधीची असती तर मूठ वर नेईल तशी वाढतच गेली असती. नंतरच्या टप्प्यातली असती तर मुठीने काही फरक पडला नसता. मध्येच फुगते याचा अर्थ एकच: पॉटच्या मधल्या पायापासून ग्रिडला जाणारी वायर बाहेरचं काहीतरी उचलतेय, कारण त्या पायाचा इम्पिडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात तो) दोन्ही टोकांना कमी आणि मधे सर्वाधिक असतो. खाली पाहिलं तर डाव्या ग्रिडची वायर हीटरच्या जोडीला चिकटूनच गेली होती. हीटरच्या वायरी घट्ट पिळून कोपऱ्यात पत्र्याला लावल्या, ग्रिडची वायर त्यांना काटकोनात ओलांडून नेली. घरघर गेली. किटवाल्यांनी चित्रात एवढं अंतर दाखवलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

आता आवाज. पहिला महिना मी सगळ्यांना ‘ट्यूबचा उबदार आवाज’ वगैरे ऐकवत होतो. एचडी ६५०वर डग्ग्याची घुमक भरदार, डबल बेसला अंग, गळ्याला किंचित गोलाई. मग शंका आली. ६०८० अशी कॅथोड फॉलोअर म्हणून (आउटपुट कॅथोडवरून घेऊन) वापरली की आउटपुट इम्पिडन्स शंभर ओहमच्या जवळपास येतो. आणि एचडी ६५० नावालाच ३०० ओहमचा. शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स पाचशेच्या घरात चढतो. हिशेब करा: ३०० ओहमला व्होल्टेजचा पाऊण हिस्सा मिळतो, ५००ला पाच षष्ठांश. फरक साधारण ०.९ डेसिबल, आणि तोही नेमका बेसमध्ये.

म्हणून माझ्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर लावले, टोन वाजवून मीटरने पातळी जुळवली आणि घरातल्या माणसाला, मला न सांगता केबल बदलायला बसवलं. ती भरदार घुमक तिथेही आली! माझ्या अंदाजाने कौतुकातला निम्म्याहून जास्त वाटा त्या रेझिस्टरचा. उरलेला फरक मात्र मला बऱ्याचदा ओळखता आला, मुख्यतः पियानोच्या मधल्या पट्टीत. तिथे हा अ‍ॅम्प सुराला थोडा रस लावतो. सिंगल-एंडेड ट्रायोड दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर) मिसळतो, त्याचं हे काम असावं. मला आवडतं, पण याला जास्त ‘खरा’ आवाज म्हणणार नाही. डीटी ८८०चा इम्पिडन्स सगळीकडे बराच सपाट, त्यामुळे त्याच्यावर बेस फुगत नाही. तरीही गेल्या दोन महिन्यांत तोच जास्त ऐकला गेलाय.

३२ ओहमचे हेडफोन लावूच नका. व्होल्टेजचा चौथा हिस्साच त्यांच्यापर्यंत पोचतो, आवाज वाढवला की ट्यूब धापा टाकते. एका मित्राने हट्टाने इअरफोन लावून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हे सळसळतंय काय?’

रोजचा क्रम: चालू करायचं, मिनिटभर थांबायचं, मग हेडफोन लावायचे. कपॅसिटर भरताना जो धक्का येतो तो डायफ्रामला कशाला द्यायचा? १२एयू७ला टिचकी मारली तर कानात घंटेसारखी टिण वाजते, पण टेबल स्थिर असेल तर त्रास नाही. ट्यूबा बदलून पाहण्याचा नादही करून झाला. ६०८०च्या जागी रशियन ६एन१३एस बसवली, बाटलीसारख्या आकाराची. आवाजात मला फरक कळला नाही, दिसायला मात्र देखणी, म्हणून तीच ठेवली.

एक तक्रार अजून बाकी आहे. सोबत आलेला पॉट साधा आहे. मूठ नऊच्या खुणेखाली असली की आवाज उजवीकडे झुकतो, आणि रात्री मी नेमका तिथेच ऐकतो. चांगला पॉट आणून महिना झाला, ड्रॉवरमध्ये पडलाय. तो बदलायचा तर ती काटकोनात नेलेली ग्रिडची वायर सोडवावी लागणार.