चांदीतला फिरोजा: पेंडंट पास, माळ नापास

फिरोजा म्हणजे निळा टर्क्वॉइज खडा. त्याच्या या चांदीच्या सेटमधलं पेंडंट चांगलं आहे. खडा बंद कोंदणात बसवलाय, आणि तेच योग्य. फिरोजाची कठीणता मोस मापनावर (खनिजांच्या कठीणतेचं १ ते १० माप) जेमतेम ५ ते ६, त्यामुळे उघड्या नख्यांत कडा टवकतात. खड्यात राळ मुरवल्याचं विक्रेत्याने स्वच्छ लिहिलंय. ही फसवणूक नव्हे. बाजारातला बराचसा माल असाच असतो, नाहीतर हा सच्छिद्र दगड तेल, घाम, अत्तर पिऊन हिरवट पडतो.

माळेचं मात्र बिनसलंय. मण्याच्या भोकात भिंगातून पाहिलं तर आत पांढरंफटक, आणि अ‍ॅसिटोनचा बोळा भोकाजवळ टेकवताच निळा होतो. म्हणजे फिरोजा नव्हे, तर रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट, ही मुळात पांढरी खनिजं. खऱ्या फिरोजासारख्या दिसणाऱ्या वरच्या काळ्या रेषांवर भुलू नका, त्याही रंगवता येतात.

डबीवर ‘इजिप्शियन फिरोजा’ छापलंय. सिनाईतल्या सेराबित अल-खादिमला प्राचीन इजिप्शियन लोक फिरोजा खणत, हाथोर देवीचं मंदिरही तिथेच, हे खरं. पण खाणीचं नाव नसेल तर तो निव्वळ छापील शब्द. फिरोजासाठी प्रसिद्ध असलेल्या इराणच्या निशापूरच्या नावाचंही तेच.

पेंडंट ओल्या मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये अजिबात नको.