एल्डर्ली की ओल्डर?

मराठीतून इंग्रजीत काही नेताना ‘वयस्कर’, ‘उतारवयाची’ अशा शब्दांपाशी हात थांबतोच. नुसतं ‘ओल्ड’ फार रोखठोक होतं. मग उरतात मुख्यतः दोन शब्द. मी बरीच वर्षं ‘एल्डर्ली’ लिहायचो, आता बहुतेक वेळा ‘ओल्डर’ लिहितो.

‘एल्डर्ली’त अदब आहे आणि वाचक अडखळत नाही. पण एका कथेत साठीला टेकलेली भाजीवाली होती. मेथीची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनच्या पुलाचा जिना चढायची. मी ‘ॲन एल्डर्ली वूमन’ केलं. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात लिहिलं, ‘हिला एवढं ओझं झेपतं कसं?’ मराठीत हा प्रश्न कुणाला पडला नसता. ‘उतारवयाची’ म्हटलं की पिकलेले केस दिसतात, वाकलेली कंबर नाही. ‘एल्डर्ली’ मात्र काठी आणि आधाराचा हात सोबत घेऊनच येतो. शब्द बदलून ‘ॲन ओल्डर वूमन’ केलं आणि पुढच्या वाचनात तो शेरा आला नाही.

दिसायला ‘ओल्डर’ ही ‘ओल्ड’च्या पुढची पायरी, तरी ‘ॲन ओल्डर मॅन’ हा ‘ॲन ओल्ड मॅन’पेक्षा तरुण भासतो. कुणापेक्षा मोठा ते सांगितलेलंच नसतं, म्हणून शब्द मऊ पडतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय लेखनाची एएमए शैलीपुस्तिकाही ‘ओल्डर अडल्ट्स’कडेच झुकते. अडचण एकच: त्याच वाक्यात दुसरी बाई आली की ‘हिच्यापेक्षा मोठी’ असा अर्थ निघतो. तिथे मी ‘इन हर सिक्स्टीज’ लिहून मोकळा होतो.

‘सीनियर सिटिझन’ अर्जापुरता ठीक. भारतातल्या २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ६० वर्षं पूर्ण झाली की तो लागतो. आणि वृद्ध या अर्थी ‘ए-जिड’ असा दोन तुकड्यांत उच्चारला जाणारा शब्द तर माणसाला आणखीच थकवतो.

वस्तूंसाठी मला ‘ओल्डिश’ आवडतो. त्यातला ‘इश’ म्हणजे आपल्या काळसर, ओलसरमधला ‘सर’. ‘म्हातारसर’ आपण म्हणत नाही, पण इंग्रजीत ‘ॲन ओल्डिश स्कूटर’ खुशाल चालते, आणि ‘जुनाट’मधली नापसंती तिच्यात नसते. पूल, जलवाहिन्या अशा झिजत चाललेल्या गोष्टींना ‘एजिंग’ बरा.

‘एल्डर्ली’ मी टाकलेला नाही. आजोबा ८५चे असतील आणि हात धरून त्यांना रिक्षातून उतरवावं लागत असेल, तर तिथे तोच लिहीन.