खिशातला आणि खांद्यावरचा: दोन कॅमेऱ्यांसोबत अकरा महिने

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कॅमेरा घ्यायचं नक्की केलं आणि डोक्यामागे भुंगा लागला. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्यावा की खिशात मावणारा छोटा? मित्र म्हणाला, घ्यायचाच तर मोठा घे, छोट्याचं काम मोबाइल करतोच. मावसभाऊ म्हणाला, मोठा घेशील आणि कपाटात ठेवशील. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून महिनाभर काहीच घेतलं नाही. शेवटी एका नव्या कॅमेऱ्याच्या पैशांत वापरलेले दोन घेतले: मोठा निकॉन डी 7200 आणि छोटा सोनी आरएक्स 100. पहिला 2015 चा, दुसरा 2012 चा. अकरा महिने दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर हे लिहितोय.

माझं अमळनेरला कृषी केंद्र आहे. दिवसाचे नऊ-दहा तास दुकानात किंवा कुणाच्या तरी शेतात जातात, फोटो उरलेल्या वेळात. हे आधीच सांगतो, कारण लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला माझा अनुभव फारसा उपयोगी पडणार नाही.

दोन्ही घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे दुकानातल्या काट्यावर ठेवले. डी 7200 बॅटरी आणि कार्डासकट 765 ग्रॅम, त्याला 70-300 मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली की आणखी 745. म्हणजे दीड किलो. छोटा 240 ग्रॅम, पाव किलोलाही दहा ग्रॅम कमी. वजनाचा हा फरक गळ्यात पट्टा अडकवून दुपारभर फिरल्यावरच मानेला कळतो.

आता थोडं सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचं, कारण मी इथेच सगळ्यात जास्त चुकलो होतो. डी 7200 चा सेन्सर 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, छोट्याचा 13.2 बाय 8.8. क्षेत्रफळ काढलं तर छोट्याचा जवळपास एक तृतीयांश भरतो. मी धरून चाललो होतो की अंधारात छोटा तीन पट मागे पडणार. पण छोट्याची लेन्स झूम न करता एफ 1.8 ला उघडते आणि मोठ्यावरची माझी 18-140 ची लेन्स एफ 3.5 ला (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). हिशोब केला तर छोट्याच्या सेन्सरवर तेवढ्याच जागेत पावणेचार पट उजेड पडतो. म्हणजे समोरची माणसं, खोली, अंगण असं रुंद दृश्य घेताना सेन्सरचा तोटा लेन्स भरून काढते. झूम केलं की मात्र हे गणित उलटतं. छोट्याची लेन्स शेवटच्या टोकाला एफ 4.9 वर येते, आणि तिथे मोठा सरळ पुढे निघून जातो. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता.

हे खरं ठरताना पाहिलं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस असतोच. माय पहाटेच चुलीला लागते. धुराने काळी झालेली भिंत, वर एक बारीक खिडकी, बाकी उजेड चुलीचाच. मी आधी मोठा कॅमेरा घेऊन गेलो. डोळ्याला लावला आणि माय थांबली. "थांब ना रे भाऊ, पदर लेऊ दे," म्हणाली. पदर घेतला, कपाळावरचे केस मागे केले आणि माझ्याकडे बघत बसली. खापरावरचा मांडा तेवढ्यात एका बाजूने करपला. ओळीने सहा फोटो काढले, सगळ्यांत माय फोटोसाठी बसलेली.

मग मोठा ठेवून दिला आणि छोटा घेऊन पाटावर बसलो. पोटाशी धरायचा, पडद्याकडे वरून बघायचं आणि बटण दाबायचं, शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. पाच मिनिटांत ती मला विसरली. पुरण भरलेला उंडा हातावर घेतला, या हातावरून त्या हातावर टाकत वाढवला, वाढता वाढता तो कोपरापर्यंत आला. एवढा पातळ की चुलीचा जाळ पलीकडून दिसत होता. त्याच क्षणी बटण दाबलं. त्या फोटोत मायच्या हातावरचं गोंदण मांड्याच्या आरपार दिसतं. एफ 1.8, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 1600, शटर एक तीसांश सेकंद. बारीक दाणे आहेत, डावा हात किंचित हललाय. तरी अकरा महिन्यांतला माझा सगळ्यात लाडका फोटो हाच. बारा बाय अठरा इंचांत छापून घेतलाय, छपाईत ते दाणे दिसतही नाहीत.

डी 7200 लाही कमी आवाजाच्या शटरची सोय आहे, ती वापरूनही बघितली. पण खरी अडचण आवाजाची नव्हतीच. तोंडासमोर एवढं मोठं भिंग आलं की माणूस सावरून बसतो. आपल्याकडच्या बायका तर हमखास.

मोठ्याने आपली किंमत वसूल केली ती होळीला. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी असते. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरे ठिपके, आणि एका लयीत फिरणारी माणसं. उजेड म्हणाल तर जाळाचा आणि मागे आकाशात फुटू लागलेलं तांबडं. छोट्याने तिथे हात टेकले. फोकस शोधत त्याची लेन्स पुढेमागे होत राहायची, तोवर नाचणारा फेऱ्यातून पुढे गेलेला असायचा. डी 7200 वर 35 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स लावली, आयएसओ 6400, शटर 1/125 सेकंदावर. व्ह्यूफाइंडरमधून थेट भिंगातूनच दिसतं, मध्ये पडदा नाही, त्यामुळे समोरचं त्याच क्षणाला दिसतं आणि दाबलं की फोटो मिळतो. उडत्या ठिणग्यांसकट चेहरे मिळाले. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढले होते म्हणून नंतर सावल्यांतला तपशीलही वर आणता आला.

तिथे जाणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. ती लोकांची पूजा आहे. सोंग घेऊन नाचणारे बावा, बुध्या नवस फेडत असतात, दिवस दिवस व्रताची पाळणूक करून आलेले असतात. विचारल्याशिवाय तोंडाजवळ लेन्स नेऊ नका. मी विचारलं, दोघे नको म्हणाले, बाकीच्यांनी आनंदाने काढू दिले.

पाखरांच्या बाबतीत तर तुलनाच नको. जानेवारीत हतनूरला गेलो होतो. 41 दरवाज्यांचं ते तापीवरचं धरण, हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या बदकं उतरलेली असतात. जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या हिशोबाने 70-300 डी 7200 वर 450 मिलिमीटरएवढी पोचते, छोट्याची धाव 100 वर संपते. छोट्यातला चक्रवाक म्हणजे पाण्यावरचा नारिंगी ठिपका. मोठ्यातही पाखरू जवळ येण्याची वाट पाहावी लागते, पण डोळ्यातली चमक मिळते. पाखरांसाठी घ्यायचा असेल तर खिशातल्या कॅमेऱ्याचा विचारही करू नका.

शेतात मात्र माझा मोठा कॅमेरा एकदाही गेला नाही. ऑगस्टपासून कपाशीत गुलाबी बोंडअळीची विचारणा सुरू होते. शेतकरी मोबाइलवर फोटो पाठवतात, त्यात अर्धं काही कळत नाही. मी स्वतः गेलो की शर्टाच्या खिशातून छोटा काढतो. झूम न करता तो पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. डोमकळी झालेलं, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल उकलून आतली अळी दाखवायला तेवढं पुरतं. शेतकऱ्याला तिथेच बांधावर पडद्यावर मोठं करून दाखवलं की फवारणीचं बोलणं सोपं होतं. एक उणीव आहे: या जुन्या मॉडेलला वायफाय नाही. कार्ड काढून रीडरने मोबाइलला लावावं लागतं. डी 7200 ला वायफाय आहे.

अजिंठ्याला एकदा पावसाळ्यात दोन्ही नेले. लेणी क्रमांक 1 मधल्या पद्मपाणीसमोर फ्लॅश चालत नाही आणि उजेड अगदी मंद. 35 ची लेन्स लावलेल्या मोठ्याचा फोटो स्वच्छ आला, छोट्याचा चालण्यासारखा. छोटा नेणार असाल तर आत शिरण्याआधी फ्लॅश आणि फोकसचा दिवा दोन्ही बंद करा. ऑटोवर असला तर फ्लॅश आपोआप उघडतो, आणि त्या चित्रांचं नुकसान आपल्या हातून व्हायला नको.

आपल्या भागातले दोन शत्रू म्हणजे ऊन आणि धूळ. दोन्ही कंपन्या 40 अंशांपर्यंतच वापरा म्हणतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात असतो. दुपारी गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. उन्हात छोट्याचा पडदा दिसतही नाही आणि त्याला व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे मी अंदाजाने काढलेले कितीतरी फोटो वाकडे आलेत. मोठ्याला ही अडचणच नाही.

धुळीचा धडा आधीच मिळाला होता. माझ्या पूर्वीच्या एका छोट्या कॅमेऱ्यात, कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, नळीसारख्या बाहेर येणाऱ्या लेन्समधून धूळ आत गेली. प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात राखाडी डाग. दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीएवढा खर्च सांगितला, तो तसाच पडून राहिला. आता छोटा झिपच्या पिशवीत, मग खिशात. मोठ्याची लेन्स उघड्यावर बदलत नाही, काठीलाही घरूनच 35 लावून गेलो होतो.

बॅटरी: मोठ्याची एका चार्जवर कंपनीच्या हिशोबाने 1110 फोटो, छोट्याची 330. छोट्यासाठी दुसरी बॅटरी घ्याच.

मोबाइल असताना छोटा कशाला, हे सगळेच विचारतात. करंगळीच्या नखाहूनही लहान सेन्सरचे जे स्वस्त छोटे कॅमेरे मिळतात ते आता घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम मोबाइल करतो. पण माझ्या छोट्यासारखा, एक इंची म्हणतात तसल्या सेन्सरचा, रॉ देणारा, लेन्सभोवतीची कडी फिरवून सेटिंग बदलता येणारा असेल तर जरूर घ्या. मांड्याचा तो फोटो त्याच पहाटे मोबाइलवरही काढला होता. त्यात भिंतीचा धूर पुसून गुळगुळीत झालाय आणि गोंदण दिसतच नाही.

पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याला, ज्याचे फोटो घरातले, शेतातले, प्रवासातले आहेत, मी छोटा घ्या असं सांगेन. मावसभावाच्या मुलीला पाखरांचा नाद आहे, तिला मात्र डी 7200 च सुचवला, आणि शटर किती वेळा पडलंय ते तपासूनच घ्यायला सांगितलं. कंपनीने तो दीड लाखांपर्यंत तपासलेला आहे, माझा घेतला तेव्हा 22,000 वर होता.

थंडी पडली की पुन्हा हतनूर. या वेळी ती मुलगीही येणार आहे. पाणी मोठ्यावर सोपवणार आणि संध्याकाळी काठावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातील तेव्हा छोटा बाहेर काढणार.